ताट ठेवा, पुस्तक न्या

काशम्मा, तुझं काम मी अजून केलेलं नाही. कारणं पुष्कळ आहेत आणि सगळी फुसकी आहेत. तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र ऋतुजा वाचून दाखवणार. तेव्हा ऋतुजा, मधलं काही गाळू नकोस आणि माझी बाजू सावरायलाही जाऊ नकोस.

एवढं लिहून सुकन्याबाईंनी पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षं सोलापुरातल्या कॉलेजात मराठी शिकवलेल्या बाईला पुढची ओळ सुचेना.

झालं होतं ते असं. मंद्रूपच्या अलीकडे एका शाळेत काशम्मा खिचडी शिजवायची. निवृत्तीनंतर सुकन्याबाई दर सोमवारी तिथं मुलांना वाचायला मदत करायला जायच्या. शाळेचं पुस्तकांचं कपाट तिच्याच खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी होतं. मुख्याध्यापक चनबसप्पा सरांचं म्हणणं, दोन्ही माल सरकारी आणि दोन्हींना उंदीर लागतात. काशम्माचा कायदा एवढाच, की ताट ठेवा आणि पुस्तक न्या. पुस्तक परत येईपर्यंत ताट तिच्या फळीवर. तोवर पोरानं मैत्रिणीच्या नाहीतर मित्राच्या ताटात जेवायचं. पुस्तक परत देताना गोष्ट सांगायची. काशम्मा तांदूळ निवडत ऐकायची.

"मंग? फुडं?"

सांगणारा अडखळला की, "तू वाचलं न्हाईस रं, नुसती चित्रं बगितलीस. ने परत."

हे सगळं फारच सुरळीत चाललं होतं, म्हणून शाळेत सुधारणा करायचं ठरलं.

"मॅडम, वरून स्वतंत्र वाचन प्रकल्प आलाय," चनबसप्पा सर म्हणाले. "आराखडा तुमच्यासारख्या अनुभवी माणसानंच करावा."

सुकन्याबाईंना एवढं पुरलं. आठ दिवसांत त्यांनी चौदा पानी आराखडा केला. पुस्तकांना चार रंगांच्या पट्ट्या, दर मुलाला आठवडावार भरायचा एक तक्ता, तक्त्यात अकरा रकाने. त्यातला चौथा रकाना 'मी स्वतः निवडलेले पुस्तक', आणि त्याखाली वर्गशिक्षकांच्या परवानगीची सही. वर ठळक अक्षरात 'स्वतंत्र'. कपाट ऑफिसात गेलं, त्याला कुलूप लागलं.

कपाट उचलताना काशम्मा पदराला हात पुसत आली.

"बाई, कपाट न्या की. पन त्या मेंढीवाल्या पोरीचं पुस्तक तेवढं ऱ्हाऊ द्या. ऋतुजा रोज थोडं थोडं सांगतीया. मेंढरू हरवलंय, पोरगी दोन दिस डोंगरातच हाय. घरी गेल्यावर बाप काय करतोय, तेवढंच बगायचंय."

"नोंद झाली की मिळेल ते."

"मी बी ल्हानपनी मेंढरू हरवून दोन दिस घरी गेले न्हवते, बाई."

"मग? वडील काय म्हणाले?"

"ते सोडा की," काशम्मा म्हणाली आणि चुलीकडं वळली.

सुकन्याबाईंनी सोडलं. त्यांना रंगीत पट्ट्या चिकटवायच्या होत्या.

दोन महिन्यांनी तक्ते आले. एकूण एक्केचाळीस. एक्केचाळीस मुलांनी लिहिलं होतं, 'पुस्तक आवडले. बोध मिळाला.' एका चिरंजीवांनी एका आठवड्यात नऊ पुस्तकं वाचली होती.

"शंभर टक्के, मॅडम!" चनबसप्पा सर हरखून गेले.

सुकन्याबाईंनी ऋतुजाला बोलावलं. तिच्याही तक्त्यात तोच बोध.

"अगं, काशम्माला तर तू गोष्ट सांगायचीस!"

"तक्त्यात गोष्टीला रकानाच नाही, मॅडम."

बाईंचे कान लाल झाले. त्यांनी स्वतः कुलूप काढलं, मेंढीवालं पुस्तक घेतलं आणि स्वयंपाकखोलीत जाऊन पोत्यावर बसून मोठ्यानं वाचू लागल्या. पोरगी डोंगर उतरली. गाव दिसलं. घराचं दार दिसलं. दारात बाप उभा होता. आणि पुढची आठ पानं नव्हती. कुणी, कधी फाडली, देव जाणे.

काशम्मा तांदूळ हातात तसाच धरून बसली होती.

"सोलापुरात दुसरं असंल की, बाई."

"असेल. आमच्या घरामागंच वाचनालय आहे. सोमवारी आणते."

"शेवट वाईट असला तरी तसाच सांगा. मला बरं वाटावं म्हनून गोड करू नका."

दुसऱ्या दिवशी कपाट पुन्हा पोत्यांशेजारी आलं. पाठोपाठ सुकन्याबाईंच्या आराखड्याला वरून अभिनंदनाचं पत्र आलं, आणि तेव्हापासून बाईंना फुरसत नाही. मुलांनी आपलं पुस्तक आपण कसं निवडावं, यावर त्या गावोगावी बोलतात. ताटांची पद्धतही सांगतात, 'एका स्थानिक उपक्रमातून' असं म्हणून. त्या उपक्रमाचं नाव काशम्मा आहे, हे सांगायला वेळ पुरत नाही. टाळ्या मात्र तिथंच पडतात.

सहा सोमवार गेले. गोष्ट पुरी झाली नाही म्हणून ऋतुजाचं ताट काशम्मानं फळीवरून काढलेलं नाही. ऋतुजाही मागत नाही. सकाळी तिच्या आईच्या फोनवरून निरोप आला होता, 'काशम्मा इचारतीया, बाप काय म्हनला?'

'शोधते आहे,' असं बाईंनी उत्तर टाकलं होतं. शोधायला त्या घराबाहेरही पडल्या नव्हत्या.

म्हणून तर पत्र लिहायला बसल्या. पण कबुलीपुढं लिहायला हाताशी शेवट हवा, आणि तो घरामागच्या वाचनालयात, चार मिनिटांवर. आता रात्र झाली होती, वाचनालय सकाळी दहाला उघडतं. उद्या दुधनीला त्यांचं भाषण आहे, आणि न्यायला गाडी साडेनऊला येणार आहे. बाईंनी पत्राची घडी घातली आणि ती भाषणाच्या कागदांखाली सरकवली.