मासे मेले आणि काकाने बेलभंडार उचलला

आमच्या घरात सगळेच संशयी. वाणी साखर मोजायला लागला की काट्यावर डोळा ठेवायचा, दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून बघायचं आणि लेक माहेरी आली की आधी विचारायचं, "एकटीच आलीस? भांडून आलीस का?" त्या दिवाळीत मी लातूरहून आले तेव्हा बाबांनी मुखेडच्या स्टँडवरच हा प्रश्न टाकला. नवऱ्याला सुट्टी नव्हती, एवढंच होतं. पण गावापर्यंत ते माझ्याकडे तिरकंच बघत राहिले. हा गुण माझ्यातही पुरेपूर उतरलाय, त्यामुळे रागावायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोंब उठली, तळ्यातले मासे मेले. जाऊन बघते तर रोहू-कटले पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले. जे जिवंत होते ते तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळत होते. मुखेडचे एक चाचा हे तळं ठेक्याने घेऊन त्यात मासे वाढवायचे आणि बाजारात विकायचे. ते बांधावर डोकं धरून बसले होते. "पोरांसारखे वाढवले होते, बेटी," एवढंच बोलले.

"इख कालवलं कुणीतरी," बाबा म्हणाले. म्हणाले कुणीतरी, पण बघत होते काकाकडे. काका म्हणजे त्यांचा धाकटा, सख्खा भाऊ. वाटणीपासून बाबा त्याला पाण्यात पाहायचे. तळ्याचा ठेका त्यालाही हवा होता, मिळाला चाचांना. त्यात आदल्या संध्याकाळी बाबांनी त्याला फवारणीचा पंप घेऊन तळ्यावर बघितलेलं.

"तुरीवर अळी पडली, म्हून पाणी न्यायला आलतो," काका म्हणाला.

"तुझ्या हिरीत पाणी न्हाई व्हय?"

"मोटर जळलीय. ठावं हाय की तुला."

"चोराच्या मनात चांदणं," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले.

खरं सांगते, मलाही काकाचाच संशय आला. बोलताना तो खाली का बघतोय, हात का चोळतोय, हे मी टिपत होते. चाचांना भांडण नको होतं. "मालक, जहर असतं तर हे बगळे बी मेले असते," ते म्हणाले. "सकाळपासून तेच मासे खाऊन राहिलेत." बगळे खरोखर ठणठणीत होते. बाबांनी तिकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"खरा असशील तर बेलभंडार उचल," ते काकाला म्हणाले.

महादेवापुढे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ वाहायची, आणि ती खोटी निघाली तर वंश बुडतो, असं आमच्याकडे मानतात. मोबाइलवर दिवसभर व्हिडिओ बघणारी माणसंही या शपथेच्या वाटेला जात नाहीत. काकाची एकुलती एक लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. काकूने बाबांचे पाय धरले. "भावजी, पोरीचे दिवस भरत आलेत. आसं नका करायला लावू." बाबा ढिम्म हलले नाहीत.

काकाने उचलला. देवळात जाऊन, पिंडीपुढे उभं राहून. आमच्याकडून गेलेलं फराळाचं ताट त्याने त्या संध्याकाळी तसंच परत पाठवलं.

पुढे चाचा नांदेडहून मत्स्यव्यवसाय खात्याच्या एका साहेबांना घेऊन आले. साहेबांनी जागोजागी पाणी तपासलं. आमच्या शेताकडच्या कोपऱ्यात बेशरमाच्या झुडपांआड पाणी काळं पडलं होतं आणि घाण वास मारत होता. तिथे दगडांखाली दाबलेल्या अंबाडीच्या पेंढ्या निघाल्या. आमच्याच. नायलॉनच्या दाव्याने बैलाची मान काचली म्हणून बाबांनी त्या वर्षी हट्टाने अंबाडी पेरली होती. ती भिजवून, कुजवून, साल सोलून घरीच दावी वळायची होती.

"हे कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं," साहेब म्हणाले. "त्यात यंदा पाणी कमी, वरून सारखं आभाळ. मासे गुदमरले. विषाचा काही संबंध नाही." मला आधी त्या साहेबांचाच संशय आला, काकाने गाठलं असेल म्हणून. पण पेंढ्या समोर होत्या.

चाचा जाळं गोळा करायला लागले. बाबा मला घेऊन तसेच काकाच्या घरी गेले. काकाने सतरंजी टाकली, काकूने चहा आणला. आतल्या खोलीत लेक झोपली होती.

"मला काय ठावं, अंबाडीनं मासे मरतेत म्हून," बाबा म्हणाले.

काकाने कप खाली ठेवला. "दादा, लहानपणी आज्यानं अंबाडी भिजू घातली की आपुन तिथंच पळायचो की. मासे वर आलेले असायचे. हातानं धरायचो. मला तू पाण्यात शिरू द्यायचा न्हाईस, पेंढ्यात पाय गुतंल म्हून."

हे माहीत असून बाबांनी सख्ख्या भावाला, त्याच्या गरोदर लेकीच्या जिवावर, शपथ वाहायला लावली?

"याद न्हाई मला," बाबा म्हणाले.

कुणाच्या लग्नात कुणी कुठल्या रंगाचं लुगडं नेसवलं, हेसुद्धा माझ्या बाबांना आठवतं.

"आसंल," काका म्हणाला. "लई वर्सं झाली." आणि त्याने बाबांच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला. त्याचा विश्वास बसला. माझा नाही बसला.