मनानं लिहिलेलं उत्तर

भालकीजवळच्या आमच्या मराठी शाळेत दहावीतली आठ हुशार मुलं निवडून हेडमास्तरांनी माझ्या हवाली केली. "सर, ह्या लेकरांचं इंग्रजी तेवढं बघा. तालुक्यात आपलं नाव झालं पायजे." सकाळी शाळेआधी एक तास. मी खूश झालो. बाकीच्या वर्गांत मी वर्षानुवर्षं एकच उद्योग करत होतो. प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायची, मुलांनी ती उतरवून घोकायची आणि पेपरात महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारायची. रेघ दिसली की तपासणारा गुण देतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

या आठांना मात्र मी सांगितलं, पाठ काही करायचं नाही. धडा वाचा, पुस्तक मिटा आणि उत्तर आपल्या मनानं लिहा. रेघा तर मुळीच नकोत.

त्यांत एक मुलगी होती. तिची आई शाळेतच दुपारचा भात-सांबार शिजवायची. धड्यातला म्हातारा खोटं का बोलला, या प्रश्नाला मुलीनं लिहिलं होतं की खरं सांगितलं असतं तर त्याला रोज एकट्यानं जेवावं लागलं असतं. स्पेलिंगच्या चुका होत्या, पण मी ते वाक्य दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत फळ्यावर लिहिताना मला असं एकही सुचलं नव्हतं.

आईला एवढंच कळायचं. "गुलबर्ग्याच्या कॉलेजात सायन्सला फुकट घेतेत म्हनं, मार्क पडले तर. पडतेत न्हवं, सर?"

"पडतील की, मावशी," मी छातीठोकपणे म्हणालो.

परीक्षा झाली आणि मलाच गुलबर्ग्याला पेपर तपासायचं बोलावणं आलं. दुसऱ्या जिल्ह्यांतले गठ्ठे, पुढ्यात छापील उत्तरं, बाहेर ऊन मी म्हणत होतं. तिसऱ्या दिवशी एक उत्तर आलं. छापील उत्तरातला एकही शब्द त्यात नव्हता, कशाखाली रेघ नव्हती. मी अर्धा गुण टाकला आणि पान उलटलं. मग चहा आला. चहा पिता पिता मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं. मागं जाऊन ते उत्तर नीट वाचलं. चांगलं होतं. गुण वाढवले, पण आधीच्या दोन दिवसांतले गठ्ठे केव्हाच बंद होऊन गेले होते. त्यांत अशी किती उत्तरं मी मारली, काही आठवेना. आणि तिचा पेपर त्या वेळी कुठल्या तरी गावी माझ्यासारख्याच कुणाच्या तरी पुढ्यात पडलेला होता.

निकालात सात जणांना इंग्रजीत भरभरून गुण. ते धोरणी निघाले. शेवटचा महिनाभर त्यांनी मला न सांगता गाइड पाठ केलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच. अर्ज करून तिची उत्तरपत्रिका मागवली, पुन्हा तपासायला लावली, एक गुण वाढला नाही. गुलबर्ग्याची जागा गेली.

आता ती भालकीत कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते. दिसलो की "नमस्ते सर" म्हणते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिची आई अजून मला दुपारी स्वतःहून ताट वाढून आणते.

यंदा तिची धाकटी बहीण सकाळच्या तासाला बसते. मी पुन्हा फळ्याचा मास्तर झालो आहे. परवा कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, तिला म्हणालो, "हे एक उत्तर तू मनानं लिहून बघ बरं."

तिनं वही जवळ ओढून घेतली. "न्हाई सर. अक्कानं सांगितलंय, सर फळ्यावर लिवतेत तेवढंच लिव. मनानं लिव म्हनले तर ऐकू नको."

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. "बरोबर सांगितलंय अक्कानं," मी म्हणालो.