बाईंची आडवी धार

सरुबाईचा रानात वाळत घातलेला कांदा मी भिजवला. पिंपळीच्या माझ्या उसात लांबवर पाणी फेकणारी नवी रेनगन तिपाईवर उभी केली, कॉक पूर्ण उघडला, आणि पाणी माझ्या उसाला ओलांडून बांधापलीकडं तिच्या कांद्यावर गेलं.

"तात्या, बँकेतनं रिटायर झालाव, तर कुंडीत तुळस लावा की," सरुबाई म्हणाली. निम्मा कांदा अजून कोरडा होता आणि उद्या टेम्पो येणार होता. माझ्या उसाला मात्र पाणी आजच हवं होतं. वीज चारपर्यंतच.

मी अनसूयाबाईंना बोलावलं. बारामतीत तीस वर्षं फिजिक्स शिकवून बाई आता गावात भेंडी करतात. लग्नात मागच्या रांगेतून टाकलेल्या अक्षता थेट नवरा-नवरीच्या डोक्यावर पाडणारी मी पाहिलेली ही एकच व्यक्ती. आमच्या अक्षता पुढच्याच्या फेट्यात मुक्कामाला असतात.

बाईंनी आधी बांधापर्यंत टेप धरला. अठ्ठावीस मीटर. मग तोटी आडवी करायला लावली.

"जमिनीपासून सव्वा मीटर. म्हणजे पाणी अर्ध्या सेकंदात खाली येणार."

"जोरात सोडलं तर उशिरा येईल ना?" मी विचारलं.

"लांब पडेल, नारायणराव. उशिरा नाही."

पाणी दहा मीटरवर पडलं. अर्ध्या सेकंदात दहा, म्हणजे सेकंदाला वीस.

"या वेगानं तोटी तिरकी वर केलीत, की चाळीस मीटर. सरूचा कांदा धुवायला पुष्कळ झालं."

मग कॉक आवळत आवळत त्यांनी आडवी धार आठ मीटरवर आणली. सेकंदाला सोळा. "आता वर करा. सत्तावीसच्या पुढं जाणार नाही."

सरुबाईला हे काही पटेना. "बाई, तुमचा आकडा चुकला तर सडायचा माझा कांदा हाय."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. खुर्ची मागवली, कांद्याच्या अलीकडं बांधावर मांडली आणि इस्त्रीची सुती साडी सावरून बसल्या. "सोडा."

मी देवाचं नाव घेऊन तोटी वर केली. धार उठली, वर गेली, वाकली आणि बाईंच्या चपलांपासून दोन पावलांवर पडत राहिली. सरुबाईनं कांद्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि चहा टाकायला गेली.

मी जवळ जाऊन विचारलं, "बाई, एवढी खात्री होती?"

"नव्हती. म्हणून तर कांद्यापुढं मी बसले."