तांब्याच्या तळाची काळी माती

आमच्या जाखाईदेवीशी मी आयुष्यात एकदाच भांडले. पण ते भांडण असं कडाक्याचं झालं की तिची आणि माझी खरी ओळख त्याच दिवशी पटली असं मी समजते. लोक आपला अनुभव सांगताना देवीनं हाक ऐकली म्हणून सांगतात. मला मात्र आधी माझी चूक सांगायला हवी, कारण या गोष्टीतला गोंधळ मीच सुरू केला होता.

आम्ही गुरव. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत देवीचं लहानसं कौलारू देऊळ आहे आणि तिची पूजा कित्येक पिढ्या आमच्या घरात आहे. देवळाच्या वर, हाकेच्या अंतरावर, मातीचं एक छोटं धरण आहे. तालुक्याच्या गावाला नळाचं पाणी मिळावं म्हणून ते बांधलं, तेव्हा साहेबलोकांनी देऊळ हलवायला सांगितलं होतं. माझ्या सासऱ्यांनी ठणकावून नकार दिला आणि देऊळ धरणाच्या पायथ्याशी तसंच राहिलं. मी तेव्हा नवी नवरी होते. धरणाच्या कामावर दोन उन्हाळे मी पाट्या वाहिल्या. आमच्या डोंगराची माती तांबडी. धरणाच्या पोटात घालायला मात्र नदीकाठची काळी, चिकट माती ट्रकांनी आणत, कारण ती पाणी अडवून धरते. बाहेरून मग मुरूम दाबायचा. रोज संध्याकाळी अंघोळीला बसले की माझ्या मानेवरून काळे ओघळ यायचे. ती माती मी डोळे मिटूनही ओळखीन.

मोठ्या दुष्काळानंतर एक-दोन वर्षांनी पाऊस चांगला झाला आणि तलाव काठोकाठ भरला. पण देवळाकडं कुणी फिरकत नव्हतं. नवरात्र आठवड्यावर आलं होतं आणि मी रोज देवीला टोचत होते, की तू आहेस तर काहीतरी दाखव, नाहीतर मी दिवा तरी कुणासाठी लावू? अशातच एका सकाळी फुलं तोडायला देवळामागं गेले, तर जिथं कधी ओलही नसायची तिथं अंगठ्याएवढी धार उसळत होती. मी हळदकुंकू वाहिलं आणि गंगा आली, गंगा आली म्हणून ओरडत खाली वाडीत धावले. दुपारपर्यंत सगळी वाडी लोटली. तिसऱ्या दिवशी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून एक डॉक्टर सहकुटुंब मोटारीनं आले. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, रडतच राहिल्या. म्हणाल्या, "आईनं तोंड उघाडलं गं, तुझ्यामुळं उघाडलं." इतका मान मला त्या घरात कधी मिळाला नव्हता. तो गोड लागला, हेही कबूल करते.

आमच्याकडं तीर्थाचा तांब्या रात्रभर देव्हाऱ्यापुढं ठेवायचा आणि सकाळी घरातल्या सगळ्यांना पळी पळी द्यायची, अशी रीत. चौथ्या सकाळी पाणी ओतून तांब्या रिकामा केला आणि तळाला बोट लागलं. बोटाला काळा गाळ आला. चिमटीत घेऊन चोळला. मऊ, चिकट, साबणासारखा. आमच्या डोंगरावर काळी माती औषधालाही नाही. ही माती कुठली ते मला तिथंच कळलं. तरी मी काय केलं? तांब्या राखेनं घासला आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी गाळ दुप्पट होता. मग मात्र गप्प बसवेना, कारण धरणाच्या खाली ओढ्याच्या काठानं आमची सगळी वाडी होती, शाळा होती, आणि नवरात्रात तर शेकडो माणसं त्या पायथ्याशी उभी राहणार होती.

मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर ते मान खाली घालून बसले. आत्तींनी तोंडाला पदर लावला आणि मला अवदसा म्हणाल्या. तांब्या घेऊन मी धरणावरच्या ओव्हरसियर साहेबांकडं गेले. साहेब वाईट नव्हते, पण त्यांनी पाणी काचेच्या पेल्यात ओतून उजेडात धरलं आणि हसून म्हणाले, "बाई, मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. देवीचं तुम्ही बघा, धरणाचं मी बघतो. तांब्या जरा स्वच्छ घासत जा." तलाव खाली करायचा म्हणजे उन्हाळ्यात गावाचे नळ कोरडे, हे त्यांनी वर ऐकवलं.

परत आले तर पंचांनी ठरवलं होतं, की धारेला चारी बाजूंनी काँक्रीट घालून पक्कं कुंड बांधायचं. सिमेंटची पोती येऊन पडली होती. मी भर देवळात सांगितलं, की ही गंगा नाही, हे तलावाचं पाणी आहे आणि धरणाचं पोट धुऊन येतंय. एकच गिल्ला झाला. शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं. मालकांनी दोन फुलं ओली करून मूर्तीला चिकटवली. उजवं पडलं तर तीर्थ, डावं पडलं तर नाही. मी हात जोडून उभी होते. उजवं पडलं.

सगळे जयजयकार करत बाहेर गेले. मी आत राहिले आणि मला संताप आवरेना. मी तिला तोंडावर सांगितलं, "आई, तू उजवं दिलंस. पर ती माती मी वाहिलीया, तू न्हाय वाहिलीस. तुझा कौल मी मानत न्हाय." असं कुणी बोलतं का देवीला? मी बोलले. आकाश कोसळलं नाही, आणि ती तशीच शांत बघत राहिली.

बाहेर आले तर धारेशी एक अनोळखी म्हातारे गृहस्थ उकिडवे बसलेले. डोक्याला रुमाल, काखेत थापी-ओळंब्याची पिशवी. शेजारच्या गावी विहिरीचं बांधकाम संपवून गडमुडशिंगीला घरी निघालेले मुसलमान मिस्त्री. पाणी प्यायला थांबले होते, पण पीत नव्हते. दोन बोटांत काहीतरी चोळत होते. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "आक्का, ह्या तांबड्या डोंगरात काळी माती कुठनं आली वं?"

मी त्यांना एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं. मी तिथंच बसले आणि रडायलाच लागले. कौलाला तोंड देताना न फुटलेलं रडू त्या एका प्रश्नानं फुटलं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "निवळ पाणी झिरपलं तर भ्याचं काम न्हाय. मातीसकट येतंय म्हंजे आत भगदाड पडाय लागलंय. ह्याचं तोंड दाबू नका, दाबलं तर दुसरीकडनं फुटंल. वाळू घाला, वर खडी, वर दगड. पाणी येऊ दे, माती अडू दे. आन् तलाव आजच्या आज खाली कराय लावा."

तेवढ्यात काँक्रीटच्या पाट्या घेऊन माणसं आलीच. मिस्त्रींना कुणी बोलू देईना. मग मी लुगडं खोचलं आणि कुंडासाठी खणलेल्या खड्ड्यात, धारेवर, जाऊन बसले. "घाला काँक्रीट माझ्या डोक्यावर," मी ओरडले. आत्ती किंचाळल्या. कुणीतरी माझा हात धरून ओढलं, मी हिसडा देऊन सोडवला. किती वेळ गेला कोण जाणे. मग बसल्या जागी मला पायाखालची जमीन मऊ झाल्यासारखी वाटली आणि कमरेभोवतीचं पाणी बघता बघता काळं झालं. गढूळ नव्हे, काळंभोर. ते सगळ्यांनी बघितलं. सगळ्यांत आधी हलले ते आमचे मालक. ओढ्याकडं गेले, वाळूची पाटी भरून आणली आणि मिस्त्रींच्या पायाशी ठेवून म्हणाले, "कुठं टाकू सांगा, चाचा."

मग सगळी वाडी कामाला लागली. आत्तीसुद्धा दगड वाहत होत्या. ओव्हरसियर साहेबांना कुणीतरी बोलावून आणलं. काळं पाणी बघून त्यांचा चेहरा उतरला. वरून हुकूम मागवायचा तर दिवस मोडला असता. त्यांनी जबाबदारी आपल्या अंगावर घेतली आणि स्वतः जाऊन तलावाची झडप उघडली. दिवस मावळायच्या आत वाळूतून येणारं पाणी निवळायला लागलं होतं. वाडीतली माणसं तरी दोन दिवस वरच्या माळावर राहिली. पुढं तलाव उतरल्यावर खोदून बघितलं, तर तलावाचं पाणी बाहेर काढणाऱ्या मोठ्या नळाच्या कडेनं धरणाच्या पोटात माणूस वाकून बसेल एवढी पोकळी निघाली.

त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावाला एक दिवसाआड पाणी आलं आणि लोकांनी मला शिव्या घातल्या. घालू देत. शिव्या घालायला माणसं जिवंत होती.

आता लोक म्हणतात, ते मिस्त्री म्हणजे साक्षात देवीच होती. मला याचा राग येतो. त्यांना नाव होतं, दमा होता, आणि गडमुडशिंगीला त्यांचं घर होतं. दर नवरात्रात मी नारळ आणि पुरणपोळ्या घेऊन तिथं जायचे आणि त्यांची बायको मला जेवल्याशिवाय सोडायची नाही. देवीला हवा तो माणूस हव्या त्या वेळेला धाडता येतो, मग तिनं स्वतः रुमाल बांधून कशाला यावं? आणि तिनं धाडलेल्या माणसाचं माणूसपण आपण का काढून घ्यावं?

ते उजवं फूल का पडलं, हे मला अजून कळलेलं नाही. पूर्वी वाटायचं, शरण जायचं म्हणजे तिच्यापुढं तोंड मिटून उभं राहायचं. आता वाटतं, जे आपल्या डोक्यावरून वाहिलं ते खरं मानायचं, त्यासाठी खड्ड्यात बसायचं आणि पुढचं तिच्यावर सोपवायचं. मी तिचा कौल मोडला, तरी तिनं मला टाकलं नाही. याहून मोठी कृपा मला ठाऊक नाही.

धारेवर आता दगडी गाळणी आहे. रोज पहाटे तिथलं तांब्याभर पाणी मी भरून आणते आणि देवीपुढं ठेवते. दुसऱ्या दिवशी आधी त्याचा तळ बघते, मग हात जोडते.