चिमीच्या तासाला

बाईंना कोर्टात सगळे बाईच म्हणत. साहेब म्हणत, वकील म्हणत, दारावरचा शिपाईही म्हणे. तेवीस वर्षं त्या साक्षी टाईप करत होत्या. साक्षीदार बोलायचा, साहेब त्यातलं घ्यायचं तेवढं सांगायचे आणि बाईंची बोटं ते कागदावर उतरवायची. मग टाईप केलेलं साक्षीदाराला मोठ्यानं वाचून दाखवायचं, तेव्हा कुठे त्याची सही. हे वाचून दाखवणं कधीतरी बाईंच्या गळ्यात पडलं ते पडलंच. दुपारी चारपर्यंत आवाज घोगरा व्हायचा. सहा वाजता घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरलेलं नसायचं, आणि खरं बोलणं तर घरी सुरू व्हायचं.

कारण यजमानांना ऐकू येत नसे. अठ्ठावीस वर्षं सूतगिरणीत यंत्रांच्या गडगडाटात उभे राहून त्यांचे कान कामातून गेले होते. कानाचं यंत्र आणलेलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून खणात पडून असे. त्यामुळे घरात प्रत्येक वाक्य तीनदा. "चहा ठेवू का?" पहिल्यांदा साधं, दुसऱ्यांदा जोरात, तिसऱ्यांदा असं, की वरच्या मजल्यावरच्यांनी 'ठेवा' म्हणावं. यजमान स्वभावानं गरीब होते. ऐकू आलं नाही की नुसते हसायचे. बाईंना त्या हसण्याचाही कधीकधी वैताग यायचा, आणि वैताग आल्याचं वाईट वाटायचं.

मुलगी होती तेव्हा घरात बोलायला एक माणूस जास्त होतं. तिला सगळे चिमीच म्हणत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना चिमीनं हट्टानं पियानो घेतला. विजेवरचा, पण पट्ट्या पुऱ्या अठ्ठ्याऐंशी आणि वजन असं, की दोन माणसांना तो जिना चढवताना नाकी नऊ आले. सोबत ऑनलाइन शिकवणी. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहाला, वर्षभर. चिमीनं आतल्या खोलीत पियानो मांडला, त्याच्यावर एक वाकणारा दांडा बसवला आणि दांड्याला टॅब्लेट अडकवला. शिकवणाऱ्या मॅडमना फक्त हात दिसले पाहिजेत, बाकी काही नको, असा त्यांचा नियम होता. सात तास झाले, आठवा व्हायच्या आत चिमीला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि नऊ दिवसांत ती बॅग भरून गेली. पियानोवर चादर पडली.

टॅब्लेट मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाजत राहिला. बाई तो बंद करायच्या. शिकवणीवाल्यांना फोन करून नाव काढून टाकायला हवं होतं, पण त्या फोनवर आधी एक दाबा, मग चार दाबा, मग थांबा, असं सगळं होतं, आणि दिवसभर बोलून आलेल्या माणसाला एवढं नको होतं.

एका मंगळवारी बाई चादर धुवायला काढून पट्ट्यांवरची धूळ पुसत होत्या. टॅब्लेट वाजला. ओल्या हातानं तो बंद करायला गेल्या आणि भलतंच काहीतरी दाबलं गेलं. पडद्यावर तिशीतली एक चष्मेवाली बाई आली.

"अरे वा, चिमी, आलीस एकदाची," ती म्हणाली. "फडकं बाजूला ठेव. हात पट्ट्यांवर घे. गेल्या वेळचं आठवतंय का, बघू."

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. त्या दिवशी एका जमिनीच्या दाव्यात त्यांनी अडीच तास वाचून दाखवलं होतं. आवाजच फुटला नाही. मग त्यांनी पडद्यावरच्या चौकोनात टाईप केलं: 'घसा बसलाय.' पुढचं वाक्यही मनात तयार होतं, की चिमी गेली, मी तिची आई. पण मॅडम म्हणाल्या, "बरं, बोलू नकोस, नुसतं वाजव." गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी बोलू नकोस म्हटलं नव्हतं. त्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

त्यांना येत काहीच नव्हतं. मॅडमना वाटलं, दोन महिन्यांच्या खंडानं पोरगी सगळं विसरली. त्या पहिल्यापासून सुरू झाल्या. अंगठा इथे, करंगळी तिथे. पाच बोटं, पाच पट्ट्या. पाऊण तास कसा गेला ते बाईंना कळलं नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "बोटं चपळ आहेत तुझी, पण तू पट्टी मारतेस आणि सोडून देतेस. दाबून ठेव. बोट उचललं की सूर गेला."

बाईंना ते पटलं. टायपिंगमध्ये बोट टेकलं की उचलायचं, हेच तर हाडात मुरलेलं. शुक्रवारी सांगून टाकू, असं ठरवून त्यांनी भाजी चिरायला घेतली.

शुक्रवारीही त्यांनी 'घसा बरा नाही' एवढंच टाईप केलं. पुढच्या मंगळवारीही. मॅडमनी गरम पाण्याच्या गुळण्या सुचवल्या, मग डॉक्टरला दाखवायला हवं म्हणाल्या. पाचव्या आठवड्यापासून त्यांनी घशाची चौकशी सोडून दिली.

थकवा काही कमी झाला नाही. उलट आठवड्यातून दोनदा स्वयंपाकाला उशीर होऊ लागला आणि झोपायलाही. कधी बाई स्टुलावर बसायच्या आणि उजवा हात शिकलेलं सगळं विसरून गेलेला असायचा. डावा हात तर सुरुवातीपासूनच हट्टी. तरी त्या तासाला चुकत नव्हत्या. तिथे एकच गोष्ट सांगितली जायची आणि ती एकदाच सांगून भागायचं.

कोर्टात मात्र गंमत झाली. दाबून ठेवायची सवय बोटांत उतरली आणि कॉम्प्युटरची कळ दाबून ठेवली, की एकच अक्षर ओळभर पळतं. एका साक्षीत 'मला माहीत नाही' या वाक्यात सात 'म' पडले. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"बाई, साक्षीदार अडखळत बोलतो हे मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण इतका?"

वकील हसले, साक्षीदारही हसला. बाईंनी निमूटपणे सहा 'म' खोडले. बसमध्ये मात्र त्यांना एकटीलाच हसू आलं आणि शेजारच्या बाईनं जरा सरकून घेतलं.

यजमानांना सगळं कळलं ते तिसऱ्या महिन्यात. तोवर त्यांना वाटत होतं, बायको आत जाऊन जरा पडते. एकदा चष्मा शोधत ते दारात आले आणि तिथेच उभे राहिले. बाई डाव्या हातानं चार सुरांची एक ओळ पुन्हापुन्हा वाजवत होत्या. मॅडम 'पुन्हा' म्हणत होत्या, कुठे बिघडतंय ते त्यांनाही नीट सापडत नव्हतं. तास संपल्यावर बाई वळल्या तर दारात यजमान.

"तुझं चौथं बोट मागे राहतंय," ते म्हणाले.

"तुम्हाला काय ऐकू येतंय त्यातलं?" बाई ओरडून म्हणाल्या.

हे त्यांना पहिल्याच खेपेला कळलं. "ऐकू कशाला यायला हवं? दिसतंय की. तीन बोटं सारखी पडतात, चौथं मागून येतं. आमच्याकडे सूत गुंडाळणारी चाती अशी मागे राहिली की धागा तुटायचा. शंभर चात्यांतून ती हुडकून काढायची, हेच तर माझं काम होतं."

बाईंनी पुन्हा वाजवलं. यजमान वाकून बघत राहिले. "आत्ता राहिलं. आत्ताही. आता नाही. आता परत." त्यांचं बोट हवेत बरोबर त्या त्या क्षणी हलत होतं. दोन दिवसांत ती ओळ सरळ झाली. त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी यजमान टीव्ही बंद करून आतल्या खोलीत खाटेच्या कडेला येऊन बसू लागले. घरात चुकून शब्द नको म्हणून बाईंनी त्यांना तोंडावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "मी कुठे बोलतो?" आणि तेही खरंच होतं.

चौथ्या महिन्यात रविवारी चिमीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "आई, मी फार छान वाजवायला लागलेय म्हणे."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला दर आठवड्याला शिकवणीवाल्यांचा निरोप येतो. तुमची प्रगती उत्तम, दोन्ही हातांचा मेळ सुधारतोय. पहिल्यांदा वाटलं चूक झाली. मग वाटलं बाबा. पण बाबा कसे असतील?"

"तुला राग आला असेल तर बंद करते," बाई म्हणाल्या.

"राग कसला गं? मला सात तासांत जे जमलं नाही ते तू केलंस." मग तिनं विचारलं, "पण तू दमत नाहीस का?"

"दमते," बाई म्हणाल्या. "दमून तर बसते तिथे."

चिमीनं विचारलं, मॅडमना सांगितलंयस का. बाईंनी सांगितलं नव्हतं. आता इतक्या दिवसांनी काय तोंडानं सांगायचं? पण सांगायची वेळ आलीच. पुढच्याच महिन्यात मॅडमनी जाहीर केलं, की सगळ्या विद्यार्थ्यांनी एका रविवारी सकाळी एकत्र यायचं, प्रत्येकानं एक तुकडा वाजवायचा, आणि त्या दिवशी टॅब्लेट समोर ठेवायचा, चेहरे दिसले पाहिजेत.

बाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. दुसऱ्याच्या नावावर सही करणारी माणसं त्यांनी आयुष्यभर कोर्टात पाहिली होती. शुक्रवारी तास सुरू व्हायच्या आधीच त्यांनी टाईप करून ठेवलं: 'मॅडम, मी चिमी नाही. ती नोकरीला गेली. मी तिची आई. वय वर्षं त्रेपन्न. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चूक झाली.'

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या आठवड्यातच कळलं. चिमीच्या मनगटावर असा भाजल्याचा डाग नव्हता. आणि तिची बोटं इतकी ऐकायची नाहीत." त्या किंचित हसल्या. "तेव्हापासून मी तुम्हाला तू म्हटलेलं नाही. लक्षात आलं नाही का?"

बाईंनी आठवून पाहिलं. खरंच होतं. 'आता डावा हात घ्यायचा.' 'इथे जरा थांबायचं.' 'पुन्हा एकदा व्हायला हवं.' चार महिने मॅडम अशाच बोलत होत्या, ना तू ना तुम्ही. आणि लोकांचा शब्द न् शब्द टिपून घेणं हे ज्यांचं काम, त्या बाईंच्या कानावरून ते गेलं होतं.

"विचारलं का नाहीत?" बाईंनी विचारलं. या खोलीत मॅडमशी त्या पहिल्यांदा बोलत होत्या, आणि आवाज आपला नव्हेच असा बारीक निघाला.

"विचारलं असतं तर तुम्ही बोलला असता," मॅडम म्हणाल्या. "मी दिवसाला अकरा तास घेते. मुलं बोलतात, मुलांच्या आया मागून बोलतात. अकरावा तास म्हणजे तुमचा. तिथे नुसतं वाजवणं असतं. मला तो तसाच हवा होता. माझ्याही स्वार्थाचं होतं ते."

बाईंनी हात पट्ट्यांवर घेतले. मग मॅडम म्हणाल्या, "रविवारचं बघा. सक्ती नाही."

रविवारी बाई बसल्या. पडद्यावर चौदा चौकोन आणि बहुतेक सगळ्यांत शाळकरी मुलं, केस विंचरून बसवलेली. बाईंचा नंबर नववा. सोळा मापांचा, म्हणजे सारख्या लांबीच्या सोळा भागांचा, तुकडा होता. आठव्या मापाला डावा हात भलत्याच पट्टीवर पडला आणि सगळं थांबलं. एका चौकोनातल्या मुलानं जांभई दिली. बाईंनी वळून खाटेकडे पाहिलं. यजमानांनी हाताच्या पंजानं दाखवलं, की मागून घे. बाईंनी पाचव्या मापापासून घेतलं आणि शेवटपर्यंत नेलं, जरा संथच. टाळ्या वाजल्या, तेवढ्याच, जेवढ्या आधीच्या मुलाला वाजल्या होत्या. पुढचा नंबर दहा वर्षांच्या एका मुलीचा होता. तिनं तोच तुकडा दुप्पट वेगानं, न चुकता वाजवला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

बाईंनी टॅब्लेट बंद केला. पाठ भरून आली होती.

"झालं?" यजमानांनी विचारलं.

"मध्ये थांबले," बाई म्हणाल्या.

"काय?"

"थांबले!"

"हां," यजमान म्हणाले. "पण चौथं बोट वेळेवर होतं."

वर्ष संपलं तेव्हा बाईंनी शिकवणी स्वतःच्या नावावर चालू ठेवली, फक्त शुक्रवारचीच. मंगळवार झेपेना. त्यांची बदली वरच्या मजल्यावरच्या कोर्टात झाली, तिथे साक्षी लांबतात आणि लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद असते. आता त्या दुसऱ्या पुस्तकावर आहेत. काही आठवडे एक ओळही पुढे सरकत नाही, तेव्हा मॅडम जुनंच वाजवून घेतात. गेल्या शुक्रवारी मात्र बाई आल्या त्या थेट स्टुलावर टेकल्या आणि पहिल्या ओळीतच डोळा लागून त्यांची मान खाली गेली. मॅडमनी हाक मारली नाही. यजमान खाटेवरून उठले, त्यांनी टॅब्लेटकडे बघून दोन्ही हात जोडले, मॅडमनीही जोडले, आणि मग बटण कुठलं ते न कळल्यानं यजमानांनी पडद्यावर टॉवेल टाकला व चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले.