दिनकरचं मशीन कोणी चालू केलं

माझा दोस्त दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसरपुढे वाकलो होतो. पाना खाली ठेवला, हात पुसले... आणि पुसतच राहिलो. तेरवीला त्याची बायको, कुसुमवहिनी, सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, यांचं ते मशीन तुमच्यामुळंच चालू झालं. चारचौघांत नेहमी हेच सांगत होते." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. मला लाज वाटत होती.

मी चौथी शिकलेलो. पण थंडीच्या कामात चाळीस वर्षं कोणाला माझी चूक काढू दिली नाही. दिनकर टेलिफोनच्या नोकरीतून रिटायर झाला आणि सीताबर्डीच्या बाजारातून सामान आणून कॉम्प्युटर जुळवायला लागला. एक दिवस म्हणाला, "प्रोसेसर जितका थंड, तितका जोरात पळते. मले तुह्या फ्रिजची थंडी पाहिजे." मी जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला नळी जोडून तांब्याची डबी बनवून दिली. डबी प्रोसेसरवर बसवली, ती शून्याच्या खाली तीस अंशांवर उतरली. पण मशीन सुरूच होईना. पंखा फिरे, पडदा काळा.

"दव धरलं," मी म्हटलं. "थंड वस्तूवर हवेतलं पाणी बसते. हे मले नको शिकवू."

"शिकवून नाही राहिलो गा. मले वाटते, इतक्या थंडीत प्रोसेसरच उठत नाही."

"मंग त्याले दुलई पांघरून देऊ का?"

तो पोट धरून हसला. मी सगळं खोललं, पुसलं, पाणी शिरू नये म्हणून भोवती व्हॅसलीन थापलं, केबल बदलली, बटण दाबलं. पडदा उजळला! मी ओट्यावर जाऊन शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं. दिनकर मात्र जागचा हलला नाही. "तू पुसलं म्हणून चालू झालं, का पुसता पुसता ते गरम झालं म्हणून? तीन गोष्टी एकदम केल्या तू. आता कसं समजन?"

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पुन्हा उणे तीसवर नेलं. पडदा काळा. मग कॉम्प्रेसर बंद करून नुसता बसला. मलाही हात लावू दिला नाही. आकडा उणे दहावर आला तेव्हा बटण दाबलं, आणि मशीन सुरू! न पुसता, काही न बदलता. मग चालत्या मशीनवर थंडी वाढवत नेली. उणे तीसवरही ते पळत राहिलं. मी चपला घातल्या आणि निघालो. महिनाभर त्याच्या दारात गेलो नाही.

शेवटी तोच कळमन्याला आला. "काहून गा, जिवंत आहेस का?" म्हणे, तासाभरानं मशीन बंद पडते, प्रोसेसरच्या पाटीमागून दवाचं पाणी गळते. "तुह्यं दवही खरं निघालं. बिमाऱ्या दोन होत्या." कोणता जिंकलेला माणूस हे सांगायला एवढ्या लांब येतो? मी मागून फोम चिकटवून पाणी बंद केलं... आणि चहाच्या टपरीवर सांगत सुटलो की मशीन मी चालू केलं. दिनकर शेजारी बसून चहा फुंकत असे. एकदाही त्यानं माझं बोलणं खोडलं नाही.

म्हणून इथे लिहून देतो. चालू त्यानं केलं, मी फक्त पाणी अडवलं. छापायला देण्याआधी त्याच्या खोलीत जाऊन वहिनीला हेच सांगितलं. ती टेबलावरची धूळ पुसत होती. थांबली, पदरानं डोळे टिपले आणि हसली.

"मले माहीत होतं, भाऊजी. मी यांले म्हणायची, तुम्ही खरं बोलत काहून नाही? तर म्हणत, त्याले गरम होऊ दे. मंग तो स्वतःच बोलन."