शुक्रवारचे दोन मिस्ड कॉल

ओमानमधल्या दुक्मच्या आमच्या कँपात मोबाईलला रेंज यायची ती एकाच ठिकाणी, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. बाकी सगळीकडे फक्त वारा यायचा. शुक्रवारी नमाज आटोपली की मेसचे चाचा परस्पर त्या टाकीकडे जात, खिशातून फोन काढत आणि रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी मिस्ड कॉल देत. दोन रिंगा, बंद. पाच मिनिटं थांबून पुन्हा दोन रिंगा, बंद. तिकडे त्यांची म्हातारी आई फोन मांडीवर घेऊन बसलेली असे. पहिला मिस्ड कॉल म्हणजे थोरला बरा आहे, दुसरा म्हणजे धाकटा बरा आहे. फोन उचलायचा नाही, हा नियम. ज्या दिवशी बोलायची वेळ येईल त्या दिवशी काहीतरी वाईट घडलेलं असेल, असं त्या घरात ठरूनच गेलं होतं.

थोरले म्हणजे चाचा. धाकटा लिबियात, सिर्तमध्ये, पाण्याच्या पंपांवर मेकॅनिक होता. तिथून कोकणात फोन लागायचा नाही, ओमानला लागायचा. म्हणून तो शुक्रवारी सकाळी चाचांना मिस्ड कॉल द्यायचा आणि चाचा दुपारी त्याची खुशाली पुढे पाठवायचे. वर्षानुवर्षं एक शब्दही न बोलता हे कुटुंब एकमेकांच्या संपर्कात होतं. बोलणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना ते जमत नाही.

मी त्या वर्षी रस्त्याच्या कामावर सर्व्हेअर होतो. माझ्या खोलीत पुस्तकं होती एवढ्या भांडवलावर चाचा मला ‘मास्तर’ म्हणत. त्या वर्षी अरब देशांत राज्यकर्ते एकामागोमाग पडत होते आणि मेसमधल्या टीव्हीवर ते रोज जेवणाच्या वेळी पडत. आवाज बंद ठेवलेला असे. शंभर माणसं जेवायला बसली की ऐकू तरी काय येणार? आवाज नसला की सत्ताधीशांची भाषणं फार बोधप्रद होतात. नुसते हात हलतात, तोंड उघडतं, मिटतं, मागे झेंडे फडफडतात. लिबियाच्या हुकूमशहाच्या छातीवरच्या पदकांवर माझा विशेष रोष होता. एवढी पदकं कमवायला माणसाने चार-पाच महायुद्धं तरी जिंकायला हवीत, आणि याने तर स्वतःच्याच गावांवर तोफा डागल्या होत्या. हे मी ताट पुढे करताना चाचांना सांगायचो. ते हसायचे आणि भात वाढायचे.

युद्ध सुरू झालं तेव्हा तिथले बरेचसे भारतीय जहाजांतून परतले. धाकटा राहिला. चाचांनी त्याला नियम मोडून फोन केला, तेव्हा तो दीड मिनिट बोलला. पंप बंद पडले तर गाव पिणार काय, एवढंच त्याचं म्हणणं. चाचांनी मला हे रागाने सांगितलं, पण त्या रागात थोडी फुशारकीही होती.

उन्हाळा संपता संपता राजधानी पडली आणि उरलंसुरलं सैन्य सिर्तमध्ये गोळा झालं. गावाला वेढा पडला. मी जेवणाच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे आमचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, फोरमन होता. त्याने विचारलं, “किती दिवस टिकतील?” मला असल्या प्रश्नांची उत्तरं देण्याची खोड आहे. मी म्हणालो, “वेढ्यात पहिलं पाणी जातं. पाणी तोडलं की शहर पंधरा दिवसांवर टिकत नाही. पंपच आधी उडवतात.”

चाचांचा डाव डाळीच्या पातेल्यात तसाच राहिला. मला आठवलं, पण बोलून झालं होतं.

त्या शुक्रवारी धाकट्याचा मिस्ड कॉल आला नाही. त्याचा नंबर बंद लागत होता. आम्ही आपल्या दूतावासात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं, आणि काही कळलं तर कळवू म्हणाल्या. याहून जास्त त्या काय म्हणणार?

दुपारी चाचा टाकीकडे गेले. मी मागोमाग गेलो. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. त्यांनी पहिला कॉल दिला. पाच मिनिटं वाऱ्यात टोपी धरून उभे राहिले. मग दुसरा दिला.

“चाचा,” मी म्हणालो, “दुसरा कसा काय दिलात?”

“मंग काय करू? आई तिकडं मोजत बसलेली हाय.”

असे पाच शुक्रवार गेले. माझं कामात लक्ष लागेना. लेव्हलचं यंत्र लावायचो आणि घेतलेलं रीडिंग लिहायलाच विसरायचो. संध्याकाळी कँपाच्या कुंपणाला चकरा मारायचो. पुस्तक उघडलं तर त्यात कुठला तरी वेढा असायचाच, किंवा मला तरी तो दिसायचा. चाचा मात्र रोज पहाटे उठून पराठे लाटत होते आणि शुक्रवारी दोन मिस्ड कॉल देत होते.

मग एका गुरुवारी दुपारी टीव्हीवर तो माणूस दिसला. पदकं नव्हती. केस विस्कटलेले, चेहरा रक्ताने माखलेला, भोवती पोरसवदा सैनिकांची झोंबाझोंबी. थोड्या वेळाने तो हलायचा थांबला आणि चॅनल तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवत राहिलं. माझ्या मनात त्या प्रसंगासाठी काही वाक्यं तयार होती, अनेक महिन्यांची. त्यांतलं एकही तोंडातून निघेना. मिसरी फोरमन मात्र बाकावर चढला. “खलास! खलास!” ओरडत त्याने दुकानातून आणलेला हलवा वाटला. त्याच्या देशातला पडला तेव्हाही त्याने वाटला होता.

चाचा काउंटर सोडून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे होते. सगळे मेलेल्या माणसाकडे बघत होते. चाचांची मान वाकडी झाली होती. त्या गर्दीच्या खांद्यांवरून मागे काय दिसतंय ते ते शोधत होते.

“मास्तर, ती मागं टाकी दिसली ना? पाण्याची?”

“नाही बघितली.”

“परत दाखवतील. बघा हां. डाव्या बाजूला.”

परत दाखवलं. डाव्या बाजूला एक भिंत होती. ती टाकीची असू शकली असती, कशाचीही असू शकली असती. चाचांनी ते चित्र सात-आठ वेळा बघितलं. भात करपल्याचा वास आला तेव्हा कोणीतरी आत धावलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. टाकीपाशी चाचांनी फोन हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“आज किती देऊ?”

मी कुंपणाकडे बघू लागलो.

“आता तर लढाई पण सरली. आज यायला पायजे होता त्याचा. तुमी येवढी बुकं वाचलीत. सांगा.”

खरं सांगायचं तर मला त्या दोन कॉलांचा त्रास होऊ लागला होता. टीव्हीवर खोटं चाललंय म्हणून मी महिनोन्महिने बडबडत होतो आणि इथे दर शुक्रवारी तसल्याच खोट्याला साक्षीदार राहत होतो. आई माझी नव्हती, त्यामुळे तत्त्व पाळणं सोपं होतं.

“एकच द्या,” मी म्हणालो.

त्यांनी एक दिला. फोन खिशात न ठेवता तिथेच उकिडवे बसले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग त्यांचा फोन वाजू लागला. दोन रिंगा, तीन, चार. थांबेचना. नंबर घरचा होता.

“उचला,” मी म्हणालो.

“उचलू?” त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

“उचला हो!”

म्हातारी दूर अंतरावरून हाक मारावी तशी बोलत होती. मला सगळं ऐकू येत होतं.

“काय रे, आज येकच? तू बरा हायस ना?”

“हाय मी. आई, ऐक...”

“मंग तुजा दुसरा कुठं गेला? तिसरा तर सकाळीच येऊन गेला.”

“तिसरा कुठला?”

“जुम्म्याच्या आधी येतो तो. चार जुमे झाले. मना वाटला तू नवीन फोन घेतलास.”

“अगो आई! उचललास का नाय?”

“उचलायचा नसतो ना!” म्हातारी चिडली. “तूच सांगलं हायस.”

शेजारच्या सूनबाईंनी फोनमधला नंबर वाचून दाखवला. चाचांकडे लिहायला काही नव्हतं, म्हणून मी तो माझ्या लेव्हल बुकात लिहिला. साइट ऑफिसातल्या डायरीत मागच्या पानांवर देशांचे कोड होते. नंबराच्या सुरुवातीचे दोनशे सोळा म्हणजे लिबियाच्या शेजारचा ट्युनिशिया.

टाकीपाशी परत येऊन फोन लावला. कोणी अरबी माणसाने उचलला. चाचांचं अरबी स्वयंपाकघरापुरतं. “हिंदी! अना अखू! भाई, भाई!” असं, म्हणजे ‘भारतीय! मी भाऊ!’ असं ते ओरडत राहिले. पलीकडे बरीच गडबड झाली, मग एक घाबरलेला आवाज आला.

“भाय? फोन का केलास? कोण गेला? आई?”

चाचांनी फोन माझ्यापुढे केला. मी तो घेतला आणि सांगितलं, कोणी गेलं नाही.

वेढा पडला त्याच दिवशी तो एका ट्रकमधून निघाला होता. नाक्यावर सैनिकांनी त्याचा फोन काढून घेतला. चाचांचा नंबर त्या फोनात होता, डोक्यात फक्त घरचा. सरहद्दीपलीकडच्या छावणीत लोक दुसऱ्याला फोन देत ते मिस्ड कॉलपुरताच. त्याने दर शुक्रवारी दिला. खुशाली कळली, असं समजून तो निर्धास्त होता. आणि ती पोचलीही होती, रत्नागिरीजवळ, आईच्या मांडीवर.

चाचांनी फोन परत घेतला आणि धाकट्याला इतक्या शिव्या घातल्या की मी बाजूला जाऊन उभा राहिलो.

त्या आठवड्यात चाचांनी दोनदा शिरखुर्मा केला. माझ्याशी मात्र ते फारसं बोलत नव्हते. मला वाटलं, आनंदात असतील. बुधवारी रांगेत माझा नंबर आला तेव्हा भात वाढता वाढता त्यांनी मान वर न करता विचारलं,

“तुमी येकच सांगलात. तुमाला वाटला होता ना, तो मेला?”

“मला माहीत नव्हतं, चाचा.”

“मना पण म्हायत नव्हता,” ते म्हणाले. “म्हणूनच मी दोन देत होतो.”

आणि त्यांनी माझ्यामागच्या माणसाचं ताट पुढे घेतलं.